रुमालाखालचा आकडा

अख्ख्या पिंप्राळ्यात असा एकच माणूस होता, की त्याच्याशी बोलताना बायका हात पदराखाली घ्यायच्या आणि पुरुष खिशात घालायचे. हे माझ्या धाकट्या जावेचे थोरले भाऊ. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणते. त्यांचा जन्म धुळ्याला कापसाच्या व्यवहारात गेला. कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते. गाडीत वर चांगला कापूस पसरून खाली कवडी, म्हणजे डागी कापूस, दडवायची लोकांना सवय, म्हणून आबा वरच्या कापसाकडे बघायचेच नाहीत, खांद्यापर्यंत हात गाडीच्या पोटात घालायचे. त्या काळी भाव तोंडाने बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार. बाजूच्या माणसाला काही कळायचं नाही. आबांना बाजूला उभं राहून कळायचं, नुसत्या मनगटावरून. माझे मालक बैलबाजारात जायचे, म्हणून ती बोली थोडीफार मलाही येते.

पुढे बाजार सुटला, आबा आमच्या गल्लीत राहायला आले, पण खांद्यावरचा रुमाल आणि ती खोड सुटली नाही. माणसाच्या मनात काही आलं की आधी बोटं हलतात आणि मग तोंड उघडतं, असं त्यांचं म्हणणं. मी साखर मागायला त्यांच्या दारात उभी राहावी, तर ते आतून वाटी भरूनच बाहेर यायचे. जावेच्या मुलीला बघायला चोपड्याचे पाहुणे आले. मुलाच्या बापाशी हात मिळवून आबा थेट स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "पोहे कमी करा. यास्ले पोरगी नको शे." बाहेर पाहुणे मुलीचं कौतुक करत होते. तीन दिवसांनी नकार आला. जाऊ माझ्यावर चिडली, जसा काही मीच दिला. आणखी एकदा गल्लीतल्या एका आजाऱ्याला बघायला गेलो. त्याची बायको सांगत होती, आज बरं आहे, दोन घास खाल्ले. आबांनी तिच्या हातून पाण्याचा पेला घेतला, घरी आले आणि पांढरी टोपी धुऊन वाळत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपी घालावी लागली. तेव्हापासून त्यांच्या दोरीवर टोपी दिसली की गल्लीतल्या बायका आपापल्या म्हाताऱ्यांची चौकशी करायच्या. मी भित्री नाही. पण त्यांच्यासमोर भाकरी थापताना मीसुद्धा पाठ करून बसायचे.

गेल्या वर्षी एका दुपारी आबा माझ्या ओट्यावर बसले होते. दोन्ही हात रुमालाखाली, आणि रुमाल आपला हलतोय. समोर कुणी नाही. आपल्याच हाताशी सौदा चालला होता.

"आबा, काय विचारताय त्या हाताला?"

"किती उरनं ते."

मी वर पाहिलं. माणूस घाबरला होता. गॅस दोनदा सुरू राहिला होता, हे मला माहीत होतं. मीठ नेऊन पुन्हा मीठ मागायला आले होते, तेही मी पाहिलं होतं. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच. पुण्याला नातवाची शाळेसाठी बुद्धी मोजली होती, तिचा आकडा आला होता. "तशीच मन्ही मोजा," म्हणाले. "जिनिंग मिलमा कापसाना धागा मोजाले मशीन रहास. मशीन खोटं बोलत नही." मी चौथी शिकलेली. माझी बुद्धी आजवर कुणी मोजली नाही आणि माझं काही अडलं नाही. पण आबांचा मुलगा पुण्याला, मग सोबत कोण जाणार? मीच गेले.

शहरात एक मानसतज्ज्ञ मॅडम होत्या. त्यांनी मला दाराशी बसू दिलं. चित्रं झाली, ठोकळे झाले. मग त्या आकडे सांगायच्या आणि आबांनी ते उलटे म्हणायचे. आबा मॅडमच्या तोंडाकडे बघतच नव्हते. नजर त्यांच्या पेन धरलेल्या हातावर. एकदा तर मॅडमचा शेवटचा आकडा तोंडातच होता आणि आबांनी तो म्हणून उलटं सुरूही केलं होतं. मॅडम थांबल्या. "आजोबा, ही चाचणी आधी कुठे दिली होती का?" त्यांनी विचारलं. आणि विचारता विचारता पेन खाली ठेवून हात टेबलाखाली घेतले. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

आकडा मोठा आला. नातवापेक्षा मोठा. मुलाने फोनवरून गल्लीला पेढे वाटायला सांगितले. आबांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

"त्यासनी वरला कापूस दखा, अक्का. पोटमा हात घालाच नही."

"पण आकडे तर तुम्ही बरोबर सांगितले."

"मी कुठे सांगात? ती बाई मनमा उलटं मोजे, तिना बोटं चालेत. मी वाचं."

मी मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो हसला. "अक्का, एवढी तपासणी झाली, कागद आला. उगाच शंका काढू नका." त्या मोठ्या आकड्यापुढे माझं बोलणं कोण ऐकणार? लोक मला विचारतात, अशी चाचणी करावी का? मुलांची खुशाल करा. पण माणूस स्वतःहून सांगतोय की मी आतून झिजतोय, तर आधी त्याचं ऐका, मग कागद वाचा.

फोन ठेवला तेव्हा आबा दारातच होते. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि आत माझी चार बोटं धरली.

"वर्षं?" मी विचारलं.

मान हलली, नाही.

"महिने?"

त्यांनी बोटं सोडली.

चार महिने ते रोज यायचे, चहा प्यायचे, अक्का म्हणायचे. पाचव्या महिन्यात भर दुपारी फाटक वाजलं. आबा बाहेर उभे होते, धुतलेली पांढरी टोपी घालून. "बाई," ते मला म्हणाले, "इथं कापसाचे एक ग्रेडर राहतात. त्यांचं घर कोणतं?" शुद्ध भाषेत, परक्या बाईशी बोलतात तसं.

मी म्हटलं, चला, दाखवते. आणि त्यांचा हात धरला. चालता चालता त्यांनी दुसऱ्या हाताने रुमाल काढून आमच्या हातांवर टाकला. डोळ्यांत ओळख नव्हती, पण आतली बोटं माझी बोटं चाचपत होती, भाव विचारावा तशी. मी आकडा दिला नाही. नुसता पंजा धरून ठेवला. घर आलं तरी त्यांनी सोडला नाही.

आता ते पुण्याला मुलाकडे असतात. घराची किल्ली माझ्याकडे आहे. आत भिंतीवर तो कागद काच लावून टांगलाय. मी झाडायला जाते तेव्हा पुसते. आणि भाकरी मी पाठ करून थापत नाही आता. दाराकडे तोंड करून बसते.