पपई चोळलेलं मटण

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला एन्झाइम शिकले आणि घरात मला कुणी आवरेनासं झालं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीचा रिअॅक्टर सांभाळून रिटायर झालेले बाबा तेवढे मन लावून ऐकायचे. कच्च्या पपईतलं एन्झाइम मटणातल्या प्रोटीनचे तुकडे करतं, असं मी सांगितलं मात्र, रविवारी त्यांनी स्वतः अर्धी पपई किसून मटणाला चोळली. घोडबंदर रोडवरून आत्या जेवायला येणार होती.

आत्या ट्रॅफिकमध्ये अडकली.

"बाबा, कुकर लावा आता. उकळलं की एन्झाइम मरतं, नाहीतर ते थांबायचं नाही," मी म्हणाले.

"पाहुणा दारात आल्याशिवाय मटण चढवायचं नाही," बाबा म्हणाले. आमच्या घरात हा कायदाच आहे.

आत्या उगवली दुपारी तीनला. मग मटण शिजलं आणि कुकर उघडला, तर नळ्या उघड्या पडलेल्या आणि बाकी सगळी लापशी. शपथेला म्हणून एक पीस उरला नव्हता. "सांगत होते मी" म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने भाकरीचा घास बुडवून खाल्ला. मग दुसरा. मग वाटीच पुढे केली.

"दाढा काढल्यापासून तुझ्याकडे नुसता रस्सा पिऊन जात होते रे," ती बाबांना म्हणाली. "आज मटण खाल्लं."

आता आत्या येणार असली की बाबा सकाळीच पपई किसायला बसतात आणि मला बजावतात, "तू अजिबात घड्याळ बघू नकोस."