पेपरमिंट सगळ्यांना

चपला घालण्याआधी आत्या रोज पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात मूठभर पेपरमिंटच्या गोळ्या टाकायची. दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसून तिने अख्खी नोकरी काढली. काम नंबर लावायचं. पण गाल धरून बसलेलं माणूस दिसलं की तिचा हात पर्सकडे जायचा. "काही होत नाही हो. आत गेलात काय, आलात काय." दातांच्या दवाखान्यात गोड गोळ्या वाटणारी ती एकटीच. डॉक्टर म्हणायचे, "बाई, तुम्ही माझी गिऱ्हाइकं वाढवताय."

निवृत्तीनंतर ती घरात नुसती येरझारा घालायला लागली. माझी ताई तेव्हा मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. प्रयोगाला येणाऱ्या मुलांना बसवायला तिला कुणीतरी हवं होतं. आत्या दुसऱ्याच दिवशी इस्त्रीची साडी नेसून विभागात हजर.

प्रयोग साधा होता. दोन खोल्या. दोन्हींत तीच खुर्ची, तोच दिवा, पाठ करायचे तेच शब्द. एका खोलीतल्या हेडफोनमध्ये बाजाराचा गोंगाट, दुसऱ्या खोलीतल्या हेडफोनमध्ये काहीच नाही. ताईने भिंतीवरची चित्रंसुद्धा उतरवली होती. "आवाज सोडून सगळं सारखं हवं," ती येता-जाता म्हणायची. कोण कुठे जाणार, ते चिठ्ठी काढून ठरे आणि चिठ्ठ्या काढायची आत्या.

गोंगाटात आठवण कमी पडते, असं ताईचं म्हणणं होतं. आतापर्यंतचा निकाल आला तो भलताच. दोन्ही खोल्यांतली मुलं सारखीच हुशार! प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आलेली. ताई ताटावर बसायची आणि भात चिवडत राहायची. "माझा पायाच कच्चा आहे," ती म्हणाली. "आता कसला प्रबंध नि कसलं काय."

शेवटची काही मुलं अजून यायची होती. मी डबा द्यायला गेले होते, तेव्हा एक उंच मुलगा गोंगाटाच्या खोलीतून बाहेर आला.

"मावशी, अजून एक मिळेल?"

"काय मिळेल?" ताईने विचारलं.

"गोळी. आत डोकं उठलं होतं, पण गोळी चघळत बसलो. मावशी म्हणाल्या होत्या, तुला जमणार."

शांत खोलीतून आलेली मुलगी जागेवरच थांबली. "ए, आम्हाला कुठे दिली?"

ताई आत्याकडे बघत राहिली. आत्या पर्सची चेन लावू लागली.

"अगं, त्या बिचाऱ्यांना कलकलाटात बसायचं होतं. तुझ्या त्या गारेगार खोलीतल्यांना कशाला हवी गोळी?"

"आत्या! आता गोंगाटाने काय झालं आणि तुझ्या लाडाने काय झालं, हे मी वेगळं कसं करू?"

"गोळीने का कुणाची आठवण वाढते? मग माझा चष्मा मला रोज का सापडत नाही?"

ताई रागावणार होती, पण तिला हसूच आलं. पाया कच्चा नव्हता. निदान तसं म्हणायची वेळ अजून आली नव्हती. मात्र सगळं पहिल्यापासून करणं भाग होतं.

त्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात तालीम चालली. मी कधी हसऱ्या, कधी रडवेल्या चेहऱ्याने दारातून यायची आणि आत्याने एकाच सुरात म्हणायचं, "या, बसा. थोड्या वेळात बोलावतील." माझा ओठ जरा थरथरला की तिचा सूर विरघळलाच. "तू तोंडच तसं करतेस गं!" शेवटी ती पर्स मांडीवर घेऊन ताईसमोर बसली. "दुसरं कुणी बघ, बाळा. माझ्यामुळे तुझं वर्ष नको जायला."

वाट काढली ती ताईच्या मार्गदर्शक मॅडमनी. "त्यांना मऊच राहू दे. फक्त कुणासाठी मऊ व्हायचं, ते त्यांना कळू देऊ नकोस." मग चिठ्ठ्या बंद पाकिटांत गेल्या. आतल्या बोळात, आत्याच्या नजरेआड, मुलांनी आपलं पाकीट आपणच फोडायचं. आणि गोळी येईल त्या प्रत्येकाला.

या वेळी गोंगाटातली मुलं मागे पडली. फार नाही, पण स्पष्ट. प्रबंध वेळेत गेला.

"म्हणजे पहिल्या खेपेला माझी गोळी लागू पडली होती!" आत्या म्हणाली.

"ते सिद्ध करायला वेगळा प्रयोग लागेल, आत्या."

"मग कर की. मी रिकामीच आहे."

तो प्रयोग राहून गेला. पुढे बऱ्याच वर्षांनी आत्या रुग्णालयात होती. एका संध्याकाळी मी तिच्यासाठी पेपरमिंटची पुडी नेली. शेजारच्या खाटांवरच्या बायका बघत होत्या. कुणाला आधी द्यावी, या विचारात मी पुडी हातात धरून उभी राहिले.

"सगळ्यांना एकेक दे," आत्या म्हणाली. "चेहरे बघत बसू नकोस. आणि मला दोन."