परत केलेली भवानी

मुळशीच्या धरणात वरची गावं बुडाली, तेव्हा तिथला आठवडी बाजार आमच्या गावात येऊन टेकला, असं आई सांगायची. मी दहा वर्षांची झाले तोवर, म्हणजे एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर, त्या बाजाराचा सगळा भार एका सुकटवालीवर होता. ताम्हिणीचा घाट चढून ती बैलावर मीठ, सुकट, बोंबील आणायची. त्या वासावर माणसं जमायची, माणसांमागं तांदूळवाले, हिरडेवाले, आणि मग आईच्या चहाला गिऱ्हाईक. ती आली की बाजार भरला.

दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, ती माझ्याच हातची घ्यायची. "हिच्या हाताला लई बरकत हाय," म्हणायची. मी काय मिरवायची म्हणून सांगू!

एका साली शेजारच्या गावच्या पाटलानं तोच वार धरून नवा बाजार काढला. सुकटवालीला पत्र्याची शेड देऊ केली. ती म्हणाली, "येते, पर भवानीला ती पोरगी पायजे." झालं! पाटलाची बैलगाडी आमच्या दारात. बाजार गेला तर आमची चूल बंद, पण पाटलाला नाही कोण म्हणणार? आईचा चेहरा एवढुसा झाला. मी मात्र टुणकन गाडीत चढले.

तिथं आधी पोटभर भजी हाणली. पाटलीणबाईंनी बांगड्या चढवल्या, त्याही घेतल्या. मग आण्याचे बोंबील घेतले. सुकटवालीनं आणा कपाळाला लावला. मी दहा पावलं गेले, परत आले आणि बोंबील तिच्या पाटीत टाकले.

"मावशे, नगं मला. माजा आणा दे."

भवानी परत! बाजाराला याहून मोठा अपशकुन नाही. "मुडदा बशिवला तुजा!" सुकटवाली ओरडली. पण भवानी फिरली त्या जागी ती बसतेय कशाला? तासाभरात बैल लादून आमच्या गावात हजर, तांदूळवाले मागोमाग. बांगड्या मी परत दिल्या नाहीत, आधीच सांगते.

आईनं आधी धपाटा घातला, मग पोटाशी धरलं.

पुढल्या बाजारी मी आणा घेऊन पहिली जाऊन उभी राहिले. सुकटवालीनं पाटीवर फडकं ओढलं. "थांब गं बाय. आदी दुसरं कुनी येऊ दे." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ती पुढं कितीतरी वर्षं आमच्याच बाजाराला आली, आईची चूल पेटती राहिली. आणि मी लग्न होऊन जाईपर्यंत दर बाजारी दुसऱ्या कुणाची तरी भवानी होईस्तोवर बाजूला उभी राहायची. रडू यायचं हो, खरंच.