पाठीवरचा डाख

वजनमापे तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेल्या त्या निरीक्षकांना गल्लीत सगळे ‘पारखी’ म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे म्हणणाऱ्यालाच ठाऊक. नोकरीभर त्यांनी दुकानदारांच्या तराजूंतली खोट काढली. पुढे पत्नी गेली, मुलगी आपल्या संसारात रमली, आणि पारख्यांनी आपली नजर महायुद्धातल्या सैनिकांच्या टोपीवरील बिल्ल्यांकडे वळवली. हौशी माणसांना गंडवणाऱ्या नकला बाजारात उदंड होत्या, त्यामुळे नजरेला काम कमी पडले नाही.

बिल्ला हाती आला की ते आधी पाठ पाहत, मग तोंड. अस्सल बिल्ला ठशाखाली दाबून काढलेला असतो. पुढच्या उठावाचा खोलगा मागे नेमका उमटतो. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, पुरळ उठल्यासारखी. शिवाय रोज घासलेल्या बिल्ल्याचे उंचवटे झिजतात आणि खाचांत मळ राहतो. आम्लात बुडवून म्हातारा केलेला बिल्ला मात्र सगळीकडे सारखाच म्हातारा दिसतो.

त्यांच्याकडे येणारे माणूस एकच उरले होते : समोरच्या दारातले घड्याळजी. दर रविवारी दुपारी ते येत, चहा घेत आणि पारख्यांची थट्टा करत.

“साक्षात देव समोर उभा राहिला, तरी तुम्ही त्याला म्हणाल, जरा पाठ फिरवा!”

“फिरवायला हरकत काय? अस्सल असेल तर भिईल कशाला?”

अशाच एका रविवारी घड्याळजींनी रुमालातून आपल्या वडिलांनी जपून ठेवलेला सैनिकी बिल्ला काढला. पारख्यांनी तो उलटला. टोपीत खोचायच्या पट्टीच्या मुळाशी डाखाचा, म्हणजे कथील वितळवून दिलेल्या जोडाचा, ओबडधोबड गोळा होता. कारखान्यात असा डाख कोणी देत नाही. पुढे पाहण्याची गरजच त्यांना वाटली नाही.

“नक्कल आहे. तुमच्या वडिलांना कोणीतरी फसवलं.”

घड्याळजींनी बिल्ल्यावर रुमालाची घडी घातली. चहा अर्धाच राहिला. त्यानंतर ते आले नाहीत. जिन्यात भेट झालीच, तर “काय, ठीक?” एवढ्यावर भागू लागले. रविवारी पारखी सवयीने दोघांपुरते आधण ठेवत आणि दोन्ही वाट्यांचा चहा स्वतःच पीत.

पुढे थंडी पडली. एके सकाळी संग्रहाचे खण पुसताना त्यांच्या हाती स्वतःचाच एक बिल्ला आला. तो त्यांनी थेट एका सैनिकाच्या मुलीकडून घेतला होता. अस्सलपणाविषयी शंकाच नव्हती. त्याच्याही पाठीवर तसाच गोळा होता. स्वतःच्या खणात ठेवताना त्याला ‘वापरात झालेली दुरुस्ती’ म्हणून ते मोकळे झाले होते. पारख्यांनी तो खणात परत ठेवला. मग सदऱ्याची वरची गुंडी लावून त्यांनी समोरचे दार ठोठावले.

“तो बिल्ला पुन्हा एकदा दाखवाल का?”

“का? निकालात काही राहिलं होतं?” असे म्हणत का होईना, घड्याळजींनी तो आणून दिला, मात्र आत या म्हणाले नाहीत. पारख्यांनी तो उजेडात धरला. झिजलेले उंचवटे, खाचांतला काळा मळ, पाठीवरचा नेमका खोलगा. सगळे जिथल्या तिथे होते.

“अस्सल आहे. माझी चूक झाली.”

“ते मला ठाऊक होतं. ती पट्टी लहानपणी मीच मोडली. बाबा ओरडले नाहीत. मला मांडीवर घेतलं, डाखाची तार माझ्या हातात दिली आणि म्हणाले, मोडलंस ना, आता जोड. हा गोळा माझ्या हातचा. दुरुस्तीचा नाद तिथून लागला.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“तेच सांगायला तर आलो होतो. तुम्ही विचारलंत कुठे?”

पारख्यांनी बिल्ला परत दिला.

“तर... आता सांगा ना वडिलांचं.”

“आता सांगितलं की.”

“रविवारी याल?”

“बघू, साहेब. हल्ली दुपारी डोळा लागतो.”

“झोपा, झोपा. या वयात झोप हवीच,” असे म्हणून पारखी आपल्या घरात आले.

रविवारी त्यांनी दार उघडे ठेवले. समोरच्या बंद दाराआडून दुपारभर रेडिओ ऐकू येत होता. मधूनच कोणीतरी तो लहान करी, आणि पुन्हा मोठा करी.