घारीनं नेलेलं पिल्लू

मी अंडंसुद्धा खात नाही, तरी माझ्या मालकीच्या कोंबड्या आहेत. मी नेदरलँड्समध्ये आणि त्या मलावीत. वाखनिंगनच्या आमच्या लॅबमध्ये हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग "कशासाठी?" असं विचारतात. मग मी कॉफी आणायला उठते, कारण ही गोष्ट उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही.

नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले तेव्हा डिग्री बॅगेत होती आणि मी घरात. बरीच चिडचिड करून झाल्यावर शेंगांवरच्या बुरशीचा अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पात नोकरी लागली, आणि दरवर्षी भुईमूग निघाला की मलावीतल्या एका लहानशा बाजारगावी जाणं सुरू झालं. गावात एकच लॉज होतं. त्याच्या खाली बार, आणि बारचे स्पीकर जणू माझ्या उशीत. दुसऱ्याच दिवशी मी भांडून बाहेर पडले. तेव्हा भुईमूग पिकवणाऱ्या बायकांच्या गटाच्या प्रमुख बाईनं मला आपली मागची खोली दिली. सगळे तिला अमायी म्हणत, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले.

तिथली मिनीबस भरल्याशिवाय हलत नसे. मी घड्याळ बघत येरझाऱ्या घालायचे आणि अमायी भाजलेल्या शेंगा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसायची. बस भरेपर्यंत बसायची. घरची कामं पडलेली असायची, पण पाहुण्याला एकट्यानं ताटकळू द्यायचं नाही हा तिचा नियम. मी मांस खात नाही हे कळल्यावर तिनं माझ्यासाठी भोपळ्याची पानं शिजवली, त्यात शेंगदाण्याचं कूट घालून. पहिला घास घेतला आणि मला भरूनच आलं. परक्या मुलखात एवढं घरचं जेवण मला नेदरलँड्समध्येही कुणी वाढलं नव्हतं.

आणि पहिल्या वर्षी निघताना याच बाईनं माझ्यासमोर एक जिवंत कोंबडी धरली. पाय बांधलेली, तांबूस, डोळे वटारून माझ्याकडे बघणारी. माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

निरोप द्यायला अंगणात जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. प्रकल्पातला तिथला सहकारी माझा दुभाष्या होता. तो हळूच म्हणाला, "दोन्ही हातांनी घ्या, मॅडम. परत केली तर घराशी संबंध नको असा अर्थ होतो."

"पण मी खात नाही, हे त्यांना माहीत आहे ना!"

"माहीत आहे. पण पाहुणीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?"

मी कोंबडी घेतली. तिनं लगेच माझ्या जॅकेटवर आपला अभिप्राय नोंदवला. बसमध्ये तिला मांडीवर घेऊन बसले आणि हिचं काय करायचं याचा विचार करू लागले. कापायची नव्हती, विमानात नेता येत नव्हती, वाटेत कुणाला दिली तर अमायीच्या कानावर गेलंच असतं. ज्या घरानं मला घरची मानलं, ते दार मी स्वतःच्या हातानं लावून घेणार होते. नशीब एवढंच की बस अजून भरली नव्हती.

मग आमच्या सांगलीकडची पद्धत आठवली. तिथे शेळी वाट्यानं देतात. शेळी एकाची, सांभाळणार दुसरा, पिल्लं निम्मी निम्मी. मी तशीच बसमधून उतरले, कोंबडीसकट.

"अमायी," मी म्हटलं, "कोंबडी माझी झाली. आता ती तुम्ही वाट्यानं सांभाळा."

दुभाष्यानं सांगितल्यावर ती हसत सुटली. त्यांच्याकडेही गुरं अशीच देतात म्हणे. मग लग्नाच्या बैठकीसारखी बोलणी झाली. दाणे कुणी घालायचे, अंडी कुणाची, सगळं ठरलं. शेवटी मी विचारलं, "घारीनं पिल्लू नेलं तर?"

"घारीनं नेलेलं पिल्लू नेहमी तुझं," अमायी म्हणाली. सगळं अंगण हसलं, आणि बसही चुकली.

तेव्हापासून मी इथे नेदरलँड्समध्ये असले की फोनवर निरोप यायचे. अमायीची मुलगी इंग्रजीत लिहायची: पिल्लं झाली. घारीनं तुझं एक नेलं. घारीनं तुझं अजून एक नेलं. त्या घारीला अमायीचं पिल्लू कधीच कसं दिसलं नाही, देव जाणे. मी रागावल्याचं नाटक करून उत्तर पाठवायचे आणि दिवसभर खूश असायचे.

मग प्रकल्प बंद झाला. माझं काम आता इथल्या लॅबमध्ये असतं, मलावीला जाणं संपलं. निरोपही संपतील अशी मला धास्ती होती, पण ते येत राहिले. गेल्या वर्षी मुलीनं लिहिलं, "माझं लग्न आहे. आई विचारते, तुझ्या दोन कोंबड्या कापल्या तर चालेल का?"

मी लिहिलं, "दोन कशाला? माझ्या सगळ्या घ्या. घरचं कार्य आहे."

माझी लेक खांद्यावरून वाचत होती. "आई, यू आर व्हेजिटेरियन!"

"मी आहे गं. वऱ्हाडी नाहीत," मी म्हटलं.

लग्नाचे फोटो आले. अमायी नाचत होती, पातेली भरलेली होती. मी फोटो पुन्हा पुन्हा पाहिले, मनापासून आनंद झाला. मग भांडी घासताना जाणवलं की त्या अंगणात आता माझं काहीच उरलेलं नाही. विचारायला निमित्त नाही, चिडायला घार नाही. कित्येक महिने तिकडून काही आलं नाही, आणि मीही उगाच कशाला म्हणून लिहिलं नाही.

परवा सायकल लावत होते तेव्हा फोन वाजला. फोटोत एक तांबूस कोंबडी होती, तिच्यामागे पिल्लांची रांग. खाली मुलीनं लिहिलं होतं, "आईनं तुझ्यासाठी नवी कोंबडी ठेवली आहे. पिल्लं निम्मी तुझी. काल घारीनं एक नेलं. आई म्हणते, या वेळचं माझं."