सनद न घेतलेला माणूस

“आमची संमती नाही,” एवढं बोलून ते खाली बसत, कोटाच्या खिशातून एक लवंग काढून दाढेखाली धरत आणि समोरचे बॅरिस्टर कागद आवरून दाराबाहेर जाईपर्यंत त्यांच्या पाठीकडे बघत राहत. त्या दहा-बारा पावलांत त्यांना जो आनंद मिळे, तो लोकांना नाटकाच्या पहिल्या रांगेतही मिळत नसेल.

लेबर कोर्टाचा तसा नियमच होता. तिथे वकील उभा करायचा तर समोरच्या बाजूची संमती लागे. गिरणीचे मालक फोर्टातले नामांकित बॅरिस्टर आणत आणि आमच्या युनियनतर्फे हे, युनियनचं कायद्याचं काम बघणारे, उभे राहत. हे वकील नव्हते. कायद्यातली एलएल.एम.ची परीक्षा पास झाले होते, पण वकिलीची सनद काही घेतली नव्हती. कुणी ‘वकीलसाहेब’ म्हटलं की लगेच दुरुस्ती करत, “वकील नाही. कायदा शिकलेला माणूस.”

मी तेव्हा लालबागला युनियनच्या कचेरीत टायपिस्ट होते. गिरगावातल्या मुलीनं गिरण्यांच्या वस्तीत नोकरीला कशाला जायचं, यावर आमच्या चाळीत पुष्कळ चर्चा झाली. माझी जीभ तिखट, म्हणून ती माझ्या माघारी झाली, इतकंच. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमच्या कचेरीत टाइपरायटरच्या बाजूलाच पोस्टरं चिकटवायच्या खळीची बादली असे, आणि माझी निम्मी पातळं त्या खळीनं खराब झाली.

इतकं शिकलेल्या या माणसाचं पुढे काय करायचं, याची काळजी त्यांना सोडून बाकी सगळ्यांना. कायद्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक येऊन म्हणाले, शिकवायला या. गिरगावातले एक प्रकाशक निकालांचे सारांश लिहून द्या म्हणत होते. सरकारी लेबर ऑफिसरची जागा निघाली, विमा कंपनीतून बोलावणं आलं. एका गिरणीनं तर ‘आमच्याकडेच या’ असा निरोप धाडला. म्हणजे चावणारा कुत्रा आपल्याच दारात बांधायचा बेत. हे सगळ्यांना चहा पाजत, सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, “तिथं बॅरिस्टरांना बाहेर बसवता येतं का?”

सगळे हसत. मीही हसायची. गंमत नव्हती हे मला पुढे कळलं.

त्यांचे वडील गिरणीत, सूत कातायच्या रिंग खात्यात होते. राहायला वरळीच्या बीडीडी चाळीत. पन्नाशीला आलेला माणूस रात्रशाळेत जाऊन आपलं नाव लिहायला शिकला होता. पुढे गिरणीत कसलीशी चौकशी झाली, त्यांच्यावर ठपका आला. जबाबावर सही करायला त्यांनी टाक उचलला, तेव्हा गिरणीचे बॅरिस्टर म्हणाले, “सही कशाला? अंगठाच दे. तुम्हा लोकांना तेच शोभतं.” दारात मुलगा उभा होता, नुकता मॅट्रिक झालेला. वडिलांनी टाक खाली ठेवला आणि अंगठा दिला.

“त्यानंतर वडिलांनी मरेपर्यंत कुठंही सही केली नाही,” असं ते मला एकदा एका अर्जाचा मजकूर सांगता सांगता म्हणाले, आणि पुढच्याच श्वासात, “हं, कलम तिसरं, नवीन परिच्छेद.” मी टाइप करत राहिले.

“मग सनद का नाही घेत?” मी नंतर विचारलं.

“मी वकील झालो की ते म्हणणार, तुमचा वकील चालतो, मग आमचा का नाही? मग नाही म्हणायला मला तोंड राहणार नाही. बाई, मी शिकलो ते त्या एका माणसाला दाराबाहेर बसवायला.”

तुम्ही म्हणाल, हे काही बरं नव्हे. मलाही तसं वाटायला हवं होतं. पण त्या बॅरिस्टरांचा तोरा मी रोज बघत होते. मला तो सूड फार आवडला होता.

मग त्या बारा बायकांचं प्रकरण आलं. त्यांच्या वडिलांच्याच गिरणीतल्या, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातल्या बारा जणी संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळाला कामावर गेल्या नाहीत म्हणून गिरणीनं त्यांना काढून टाकलं. त्यांच्यातली पुढारी काशीबाई, साताऱ्याकडची, उंच आणि आवाजानं खणखणीत. तारीख पडली की बाराही जणी कोर्टात येऊन ओळीनं बसायच्या.

तेच बॅरिस्टर बाहेरच्या बाकावर, आत गिरणीचे लेबर ऑफिसर एकटे. बिचारे दर पाच मिनिटांनी पाणी प्यायला म्हणून बाहेर जात आणि बॅरिस्टरांना विचारून येत. चौथ्या वेळी हे उठले आणि म्हणाले, “साहेबांना फार तहान लागतेय. माठ आतच आणून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.” न्यायाधीशसुद्धा हसले. निकाल आमच्यासारखा लागला. बाराही जणींना कामावर घ्यायचा हुकूम झाला.

तिथं थांबायला हवं होतं.

त्या दिवशी सकाळी त्यांनी मला कचेरीतलं शाईचं पॅड बरोबर घ्यायला सांगितलं होतं. मला वाटलं, युनियनचा शिक्का मारायचा असेल. बाहेर व्हरांड्यात, बारा बायका आणि कोर्टाचे शिपाई बघत असताना, त्यांनी बॅरिस्टरांच्या हातात युनियनचं पत्र दिलं आणि पोच मागितली. बॅरिस्टरांनी खिशातून सोन्याच्या टोपणाचं पेन काढलं. यांनी माझ्या हातातलं पॅड घेऊन त्यांच्यापुढं धरलं.

“सही कशाला? अंगठाच द्या.”

बॅरिस्टर नुसते बघत राहिले. त्यांना काही आठवलंच नव्हतं. कुणाचा अंगठा, कधीचा, काही नाही. पण अपमान होतोय एवढं कळलं, कारण मी हसले. मोठ्यानं हसले. मग बायकाही हसल्या.

पुढं महिन्याभरात हायकोर्टात अर्ज दाखल झाला आणि लेबर कोर्टाच्या हुकुमाला स्थगिती मिळाली. लेबर ऑफिसर एकदा वाटेत भेटले तेव्हा खालच्या आवाजात म्हणाले, “मालक त्या बायकांना घेणार होते हो. बॅरिस्टरच हट्टाला पेटले. फी नको म्हणाले, पण हे मी सोडणार नाही.”

हायकोर्टात कुणाच्या संमतीचा प्रश्न नव्हता. तिथं बोलायला सनद लागत होती. आम्ही एक तरुण वकील दिला. पोरगा मनानं चांगला, पण समोर ते बॅरिस्टर बघून त्याची गाळण उडाली. हे मागच्या बाकावरून चिठ्ठ्या पाठवत होते. त्याला त्या वाचायलाही जमेना. शेवटी यांना राहवलं नाही आणि ते उभे राहिले. न्यायमूर्तींनी शांतपणे विचारलं, “आपल्याकडे सनद आहे?”

“नाही.”

“मग कृपा करून बसा.”

बॅरिस्टर वळले आणि यांच्याकडे बघून हसले. त्या हसण्याची चीड मला आजही येते. लेबर कोर्टाचा हुकूम रद्द झाला.

दुसऱ्या दिवशी काशीबाई आपले कागद न्यायला कचेरीत आली. हे तिला बघून उभे राहिले. तिनं कागद पदराखाली धरले आणि म्हणाली, “सायेब, तुमचं त्येच्याशी वैर व्हतं, ते आमाला ठावं न्हवतं. फेडायचं व्हतं तर तुमच्या दिवशी फेडायचं. आमच्या दिवशी कशापायी?”

ती गेल्यावरही ते बराच वेळ उभेच होते. मी ‘बसा’ म्हटलं, तेव्हा बसले. महिन्याच्या अखेरीस राजीनामा देऊन लांबच्या एका गावी कॉलेजात शिकवायला निघून गेले. सनद त्यांनी पुढेही घेतली नाही.

महाराष्ट्र झाला. त्यानंतर काही वर्षांनी बॅरिस्टर वारले. पेपरात फोटोसकट मोठा मजकूर आला: न्यायनिष्ठ, सौजन्यमूर्ती, आणखी काय काय. त्याच पानावर मी बोंबील साफ केले, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. हात धुतले, टपाल हापिसात जाऊन एक कार्ड घेतलं आणि आमच्या त्या कायदा शिकलेल्या माणसाच्या लांबच्या गावच्या पत्त्यावर एकच शब्द लिहिला: ‘गेला.’

आठवड्यानं उत्तर आलं. मला वाटलं होतं, त्यांनाही बरं वाटलं असेल. कार्डावर बॅरिस्टरांचं नावसुद्धा नव्हतं. ‘काशीबाईंचा पत्ता मिळाल्यास कळवावा,’ एवढंच होतं.

मी तीनदा लालबागला जाऊन आले. तिच्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं, आणि ती कुठं गेली ते चाळीत कुणालाच सांगता आलं नाही.