सोलापुरी टॉवेल आणि बाप्तिस्मा

परवा सकाळी भूगावात, आमच्या किचनमध्ये, गॅसवर पोहे आणि हातात फोन... आणि पोहे परतायचं राहूनच गेलं. लेकीच्या स्टेटसला चर्चमधला फोटो. ईशाचे केस ओलेचिंब, शेजारी पांढऱ्या झग्यात तिची रूममेट केटी, आणि दोघींभोवती एकच टॉवेल.

ईशा अमेरिकेतल्या एका छोट्या शहरात शिकते. युनिव्हर्सिटी खाजगी, बॅप्टिस्ट पंथाच्या ख्रिश्चन लोकांची. अॅडमिशन झाली तेव्हाच नातेवाइकांनी कान भरले होते, "पोरगी बाटवतील हं!" मी हसण्यावारी नेलं. पण हे लोक अख्खं पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात, हे गुपचूप गूगल करून ठेवलं होतं...

परवा मात्र हसू आलं नाही. धर्माचं एक वेळ राहू दे, पण एवढी मोठी गोष्ट आईला न सांगता? तेच जास्त लागलं. पोहे करपले. घरात दूध असताना नवरा दूध आणायला निघून गेला.

रागारागात व्हिडिओ कॉल लावला. ईशा आधी खो खो हसली, मग तिने सगळं सांगितलं. बाप्तिस्मा तिचा नव्हताच, केटीचा होता. त्यांच्या चर्चमध्ये पाण्यातून बाहेर आलं की घरचं माणूस टॉवेल घेऊन उभं असतं म्हणे. केटीची आई येणार होती, पण वादळामुळे तिचं विमान रद्द झालं.

"मग मी उभी राहिले गं. तिने बाहेर येताच मिठी मारली, मीपण भिजले. आणि टॉवेल बघ, तू बॅगेत कोंबलेला सोलापुरीच आहे!"

पौडहून आलेल्या माझ्या सासूबाई मागून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "मंग करवलीच झाली की आपली पोर! त्यात काय वंगाळ हाय? तिची आय न्हाई तितं, कुनीतरी नको व्हय?"

मला एकदम ती आई दिसली. कुठल्यातरी विमानतळावर अडकलेली, लेकीचा हाच फोटो फोनवर बघत बसलेली... माझा सगळा राग कुठच्या कुठे गेला. डोळे भरून आले.

"केटीचे केस नीट पुसलेस ना गं? सर्दी होईल तिला," एवढंच विचारलं.

ईशाने फोन फिरवला. केटी तोच टॉवेल डोक्याला गुंडाळून मॅगी खात बसली होती. मला बघून तिने चक्क नमस्कार केला.

पुढच्या पार्सलमध्ये लाडवांबरोबर दोन टॉवेल जाणार आहेत. कधी माझंही विमान रद्द होईल... तेव्हा माझ्या लेकीसाठी तिथे कुणीतरी उभं असेल, एवढा भरवसा त्या फोटोने दिला.